गॅरंटी की वॉरंटी? इन्व्हर्टरची बॅटरी दुकानात आणण्याआधी वाचा

"पाच वर्षांची गॅरंटी आहे, बदलून द्या" म्हणत बॅटरी दुकानासमोर उतरते. कार्डावर छापलेलं असतं वॉरंटी, तीही दोन तुकड्यांत. उदाहरणार्थ, 36 महिने फ्री रिप्लेसमेंट, पुढचे 24 महिने प्रो-राटा, म्हणजे किती वापरली त्या हिशेबानं नव्या बॅटरीवर सूट.

बाजारात गॅरंटी म्हणजे बदलून आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून, असा अर्थ रुळलाय. कायदा वेगळं सांगतो. 1872 च्या करार कायद्यातली गॅरंटी म्हणजे दुसऱ्यासाठी जामीन राहणं. 1930 च्या माल विक्री कायद्यातली वॉरंटी ही सौद्याला जोडलेली दुय्यम अट. ती मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावर माल परत करता येत नाही. म्हणून शब्दावर अडू नका, कार्डामागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा.

खरा खोळंबा उतरलेली बॅटरी आणल्यानं होतो. रिकाम्या बॅटरीत दोष सापडत नाही. आधी 10-12 तास चार्जिंग, मग हायड्रोमीटरनं (घनता मोजायची नळी) सहाही सेलमधल्या, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांमधल्या, ॲसिडची घनता बघावी लागते. पाच सेल 1.240 आणि एकच 1.150 दाखवत असेल, तर तो सेल गेलेला. क्लेम बहुतेक मंजूर होतो. सहाही सारखेच खाली असतील, तर बॅटरी बहुधा उपाशी आहे: लाइट कमी, लोड जास्त. याला आमची टाळाटाळ समजू नका. हे आकडे भरल्याशिवाय कंपनी क्लेम घेतच नाही. तेव्हा जमेल तर रात्रभर चार्ज करूनच आणा, सोबत बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड. सिरीयल नंबर खरवडला असेल तर आमचेही हात बांधलेले.

बोअरचं पाणी टाकू नका. आपल्या लातूर भागातलं क्षाराचं पाणी प्लेटा खातं, आणि क्लेमही तिथंच संपतो. डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

प्रो-राटाची सूट बहुतेक वेळा छापील किमतीवर असते. जुनी बॅटरी देऊन नवी घेतली, तर कधीकधी तेच स्वस्त पडतं. दोन्ही हिशेब कागदावर मांडून देतो, मग ठरवा. तपासणीच्या दिवसांत घरी सर्व्हिस बॅटरी, म्हणजे तात्पुरती वापरायची बॅटरी, लावून मिळेल. आल्याआल्या मागून घ्या.

आणि बदलून मिळालेल्या बॅटरीची मुदत साधारणपणे नव्यानं सुरू होत नाही. ती पहिल्या बिलाच्या तारखेपासूनच मोजतात.