मान्सून्ड मलबार कॉफी

पावसाळी वाऱ्यात मुद्दाम सादळवलेली भारतीय कॉफी. दक्षिणेतल्या मळ्यांतला कच्चा दाणा जून ते सप्टेंबरदरम्यान किनाऱ्यावरच्या, मुख्यतः मंगळूरच्या, गोदामांत फुगवून ती तयार होते. काटेकोर बोलायचे तर मंगळूर मलबारात मोडत नाही. व्यापाऱ्यांनी मात्र हे नाव पश्चिम किनाऱ्याच्या बऱ्याच लांब पट्ट्याला चिकटवले आहे. या कॉफीला भौगोलिक मानांकन आहे.

तिचा उगम शिडाच्या जहाजांत सापडतो. आफ्रिकेला वळसा घालून युरोप गाठायला तेव्हा महिने लागत. तोवर जहाजाच्या पोटातली पोती दमट हवा पीत राहत. निघताना हिरवट-करडा असलेला दाणा उतरताना फुगलेला, पिवळट झालेला असे आणि त्याचा आंबटपणाही गेलेला असे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, माल लवकर पोचू लागला. पण जिभेला जुनी चव लागली होती, ताजा दाणा गिऱ्हाइकांना रुचेना. मग समुद्रावर आपोआप होत होते ते किनाऱ्यावर हाताने करायला सुरुवात झाली.

दाणा येतो तो चिकमगळूर, हासन, कोडगू या भागांतून. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. झाडे सिल्व्हर ओक, फणस यांच्या सावलीत वाढतात आणि सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. मार्च-एप्रिलच्या सरींनंतर पांढरा, मोगऱ्यासारख्या वासाचा बहर येतो. अरेबिका या कॉफीच्या जातीची लाल फळे नोव्हेंबरपासून तोडतात. मान्सून्ड कॉफीसाठी फळ न सोलता, अख्खेच खळ्यावर वाळवावे लागते. मूठभर फळे कानाशी हलवली आणि आत बी खुळखुळले, की वाळवण झाली. अशा मालाला बाजारात ‘चेरी’ म्हणतात. साल काढून, आकाराप्रमाणे निवडून तो पावसाळ्याआधी किनाऱ्यावर जातो.

तिथल्या गोदामाला भिंतींपेक्षा उघडी बाजू महत्त्वाची. छप्पर पक्के हवे, कारण दाण्याला हवा लागायला हवी, पाऊस नव्हे. फरशीवर चार ते सहा इंचांचा थर पसरतात आणि दाताळ्याने पुन्हा पुन्हा वरखाली करतात. दाण्याने पुरेशी ओल घेतली, की तो पोत्यांत सैलसर भरतात आणि पोत्यांच्या रांगांमधून वारा खेळेल अशी वाट ठेवतात. ठरावीक दिवसांनी पोती ओतायची, दाणे मिसळायचे, पुन्हा भरायचे. असे तीन-चार महिने. हलगर्जी झाली तर बुरशी धरते. ज्या दिवसांत आपण पापडाचा डबा घट्ट लावतो, त्याच दिवसांत इथे दारे सताड उघडी असतात. शेवटी न फुगलेले काळपट दाणे वेचून काढतात. उरतो तो फिकट सोनेरी, वजनाला हलका, जवळजवळ दीडपट फुगलेला दाणा. वरच्या प्रतीला ‘मान्सून्ड मलबार एए’ म्हणतात. रोबस्टा या दुसऱ्या जातीचीही अशी कॉफी होते.

भाजताना हा दाणा फसवतो. तो मुळातच फिकट असल्याने रंगावरून भाजणीचा अंदाज चुकतो आणि टरफलेही खूप उडतात. कपात आंबटपणा जवळजवळ नसतो. अंगाने कॉफी दाट, वास मातीचा, थोडा जुन्या लाकडाचा. काहींना तो कुबट वाटतो, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. बराचसा माल परदेशी जातो. एस्प्रेसोच्या मिश्रणात वर फेसाची जाड साय धरण्यासाठी त्याला मागणी आहे. घरी करायची तर दक्षिणी फिल्टर उत्तम: वरच्या भोकांच्या भांड्यात पूड हलकेच दाबून उकळते पाणी ओतायचे आणि अर्क थेंबथेंब उतरेपर्यंत पंधराएक मिनिटे थांबायचे. तो गरम दुधात मिसळतात. कॉफीत मिसळतात ती चिकोरीच्या मुळांची पूड टाळावी. मराठी घरांतले जायफळही या कॉफीत नको. त्याच्या वासाखाली पावसाळ्याचा वास पार बुडतो.