सिरोंच्यापासून गडचिरोलीपर्यंत सिलिंडर पुरेल का?

"सिलिंडर लावला ना बाप्पा, मंग कायले चिंता करतं?" २०२१च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या आवारात असा धीर सर्रास दिला जायचा. पण नुसता सिलिंडर लागला म्हणून रुग्ण सुरक्षित होत नाही. तो किती मिनिटं पुरेल हे कोणीतरी मोजावं लागतं.

इथे स्वयंपाकाच्या गॅसची सवय फसवते. त्या टाकीत द्रव असतो आणि तो संपत येईपर्यंत वरच्या वाफेचा दाब फारसा उतरत नाही. ऑक्सिजन मात्र उणे ११८ अंशांपेक्षा गरम असला तर कितीही दाबा, द्रव होत नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये निव्वळ दाबलेला वायू असतो आणि त्याला शाळेतला बॉइलचा नियम लागू पडतो. दाब निम्म्यावर आला की ऑक्सिजनही निम्मा उरला. जम्बो सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर साधारण ४७ लिटर मावतं. दाब दाखवणारं गेज १५० बार दाखवत असेल तर ४७ गुणिले १५०, म्हणजे सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन. काटा ५० वर आला की उरतात जेमतेम २,३५०. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला ते चार तासही पुरत नाहीत.

आता रुग्णवाहिकेतला लहान, बी टाइप सिलिंडर घ्या. त्यात १,५०० लिटर, म्हणजे त्याच फ्लोला (मिनिटाला १० लिटर) अडीच तास. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. चार तास धरले, तर आलापल्ली ओलांडल्यावर जंगलातच काटा शून्यावर येईल.

गंमत अशी की हे गणित पुरं करायला लागणारे आकडे एकाच माणसाकडे नसतात. फ्लो डॉक्टरांना ठाऊक, गेज सिस्टरनं पाहिलेलं, आणि पावसाळ्यात रस्ता किती वेळ खातो ते ड्रायव्हरला. त्यात पीपीई किट घातलं की सगळे सारखेच दिसतात, मास्कमधून आवाज दबतो. म्हणून ऐकणाऱ्यानं ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा. सिस्टर: "तीन नंबर बेड, गेज तीस, बदला." वॉर्डबॉय: "तीन नंबर, तीस, बदलतो." आणि काम झाल्यावर: "बदलला, फ्लो दहा, बाटलीत बुडबुडे येतात." (ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून जातो तिच्यात बुडबुडे, म्हणजे तो वाहतोय.) नुसत्या "हो"वर सोडलं, तर शेजारच्याच खाटेचा सिलिंडर बदलला जाऊ शकतो.

याच काळात कापूर-ओव्याची पुडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असे मेसेज फिरत होते. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन काही वाढत नाही. आणि पुडीवर विसंबून घरी काढलेले दिवस वाया जातात, ते वेगळंच.

उपकरणं त्या लाटेनंतर बरीच आली, ऑक्सिजन प्लांटही बसले. पण "साहेब, एवढ्यात पुरत नाही, दुसरा सिलिंडर घ्या" असं ड्रायव्हरला डॉक्टरांच्या तोंडावर म्हणता येतं का, हे गाडी निघण्याआधी ठरलेलं असावं. दुसऱ्या सिलिंडरसोबत तो उघडायची चावीही गाडीत हवी.