गॉथ युकॅरिस्ट आणि मेटल मास: काळे कपडे सारखे, गाणं वेगळं

काळा पोशाख, गळ्यात चांदीचा क्रूस, डोळ्यांत दाट काजळ. एवढं पाहून लोक गॉथ युकॅरिस्ट (काळा पोशाख आणि उदास रॉक संगीत आवडणाऱ्या गॉथ लोकांसाठीची चर्चमधली उपासना) आणि मेटल मास (हेवी मेटल संगीतावरची उपासना) एकच समजतात. दोन्हीकडे प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा, विधी खराखुरा असतो, हे खरं. पण गाणं कुठून आणलं, इथे दोघांच्या वाटा फुटतात.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या बाजारचौकाजवळ सेंट एडवर्ड किंग अँड मार्टर हे छोटंसं जुनं चर्च आहे. 1525 च्या नाताळच्या आदल्या दिवशी रॉबर्ट बार्न्सने प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचं गाजलेलं प्रवचन केलं ते इथेच. गॉथ मंडळींसाठीची उपासनाही याच चर्चमध्ये सुरू झाली. मेणबत्त्यांचा उजेड, धुपाचा वास आणि प्रार्थनांच्या मध्ये डेपेश मोड, सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडची ध्वनिमुद्रित गाणी. विधी चर्चचा, गाणं बाहेरचं. मला ही उपासना फार जवळची वाटते. दुःखात बुडालेल्या माणसाला रविवारची आनंदी गाणी कधीकधी टोचतात. बायबलमधलं 88 वं स्तोत्र वाचून पाहा: आक्रोश करत करत ते अंधारापाशीच थांबतं, सांत्वनाची एक ओळसुद्धा शेवटी येत नाही. त्या स्तोत्राला उपासनेत हक्काची जागा हवी, आणि गॉथ उपासनेत ती मिळते.

फिनलंडची मेटल मास याच्या नेमकी उलट. शब्द चर्चच्या गीतपुस्तकातलेच, जुने लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट पंथातले. आवाज मात्र बाहेरचा, म्हणजे विजेच्या गिटारी आणि ड्रम. पहिली मास 2006 मध्ये हेलसिंकीत तुस्का या मेटल महोत्सवाच्या वेळी झाली. तुस्का म्हणजे वेदना. जागा होती तेम्पेलियाउकियो चर्च, अखंड खडक फोडून त्यात बांधलेलं, उघड्या दगडी भिंतींचं. फिनलंडमध्ये ही गीतं पुष्कळांना लहानपणापासून माहीत असतात, म्हणून बँड कितीही जोरात वाजला तरी लोक त्याच्याबरोबर गाऊ शकतात. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की कितीतरी जणांना पुस्तक उघडावं लागत नाही, तसंच.

म्हणून मेटल मासला ‘चर्चमधली मैफल’ म्हणणं मला पटत नाही. मैफलीत लोक बँड ऐकायला येतात. इथे बँड मंडळीच्या गाण्याला साथ करतो, ऑर्गन करतो तशीच.