शालेय विषयांतून संगणकीय विचार

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गणित, भाषा, विज्ञान, भूगोल यांसारख्या विषयांच्या तासातच संगणकशास्त्राच्या पायाभूत संकल्पना शिकवण्याची अध्यापनपद्धती. काम क्रमवार पायऱ्यांत मांडणे, अटीनुसार पर्याय निवडणे, एकच कृती पुन्हापुन्हा करणे, माहितीला संकेत देणे, मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे पाडणे, नको तो तपशील बाजूला ठेवणे आणि उत्तर चुकले तर ते कोणत्या पायरीवर चुकले हे हुडकणे या त्यांतल्या मुख्य संकल्पना होत. या सगळ्यांना मिळून संगणकीय विचार म्हणतात.

टंकलेखन, तक्ते, ईमेल, छपाई अशी कामे शिकवणारी संगणक साक्षरता याहून वेगळी. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे ती घरोघरी परिचयाची झाली आहे. कोडिंगचा स्वतंत्र तासही वेगळा. इथे तास मराठीचा किंवा गणिताचाच राहतो, वेळापत्रकात नवा विषय येत नाही. त्यामुळे या पद्धतीची कसोटीही सोपी आहे. त्या तासाचा मूळ विषय मुलांना अधिक खोलवर कळला का, एवढेच पाहायचे.

उगम

या विचाराची सुरुवात लोगो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपासून होते. 1967 मध्ये अमेरिकेत वॉली फॉयरत्साइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती मुलांसाठी तयार केली. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्यासोबत काम केले होते. मूल स्वतः काही रचत असताना ज्ञान घडवते, हा आग्रह तिथूनच आला. लोगोतले पडद्यावरचे कासव ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा पाळत रेषा काढते. मूल भूमिती पाठ करण्याऐवजी कासवाला ती समजावून सांगते. ‘संगणकीय विचार’ हा शब्दप्रयोग पॅपर्ट यांच्या 1980 च्या पुस्तकात आढळतो, पण तो सर्वतोमुखी झाला संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या 2006 मधील छोट्या लेखाने. वाचन, लेखन आणि अंकगणिताइतकेच हे कौशल्य प्रत्येकाला लागते, अशी त्यांची मांडणी होती.

पुढे देशांनी दोन वाटा धरल्या. इंग्लंडने 2014 पासून पाच वर्षांच्या मुलांपासूनच संगणन हा स्वतंत्र विषय ठेवला. फिनलंडने 2016 पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात वेगळा विषय टाळला आणि प्रोग्रॅमिंग गणितात व हस्तकौशल्यात मिसळले. पहिली-दुसरीची मुले एकमेकांना नेमक्या सूचना देण्यापासून सुरुवात करतात, सातवीपासून प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगची भाषा वापरतात. स्वीडनने 2018 मध्ये गणित व तंत्रज्ञान हे विषय त्यासाठी निवडले. जपानने 2020 पासून प्राथमिक शाळेत तोच मार्ग पत्करला. तिथे पाचवीच्या गणितातील सुसम बहुभुज आणि सहावीच्या विज्ञानातील वीज हे घटक उदाहरण म्हणून पुढे केले गेले.

गणिताच्या तासाला

जपानने बहुभुज निवडले यामागे कारण आहे. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की बहुतेक मुले पडद्यावरच्या पात्राला 60 अंशांत वळायला सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा असतो हे त्यांना पाठ असते. तीन बाजू काढून झाल्या तरी आकृती उघडीच राहते. तशाच आज्ञा देत राहिले तर शेवटी षट्कोन मिटतो. चालणाऱ्याला वळावे लागते ते बाह्यकोनातून, म्हणजे 120 अंशांतून, हे इथे हाती लागते. पूर्ण फेरीत एकूण वळण 360 अंशांचे, म्हणून प्रत्येक वळण 360 भागिले बाजूंची संख्या, हे सूत्र मग मुले स्वतः मांडतात. फळ्यावर बाह्यकोनाची व्याख्या लिहून देऊन एवढे साधत नाही.

संगणक नसला तरी गणिताचे अडत नाही. मसावि काढण्याच्या दोन रीती आपल्या मुलांना शिकवल्या जातात, मूळ अवयव पाडून आणि लागोपाठ भागाकार करून. दोन्हींनी तेच उत्तर येते म्हणून बरेच शिक्षक एकीवर थांबतात. 2021 आणि 1927 यांचा मसावि काढायला दिला की फरक उघडा पडतो. अवयव पाडू पाहणारा गट 2, 3, 5, 7 असे करत 43 पर्यंत पोचेस्तोवर दमतो. दुसरा गट 2021 ला 1927 ने भागतो, बाकी 94. 1927 ला 94 ने भागतो, बाकी 47. 94 ला 47 ने भागतो, बाकी शून्य. तीन भागाकारांत उत्तर 47. इथे वर्गात दोन प्रश्न विचारता येतात आणि ते दोन्ही संगणकशास्त्राचे गाभ्याचे प्रश्न आहेत. एक, ही रीत कधीतरी थांबेलच याची खात्री काय? दर वेळी बाकी भाजकापेक्षा लहान होत जाते, म्हणून ती शून्याला पोचणारच. दोन, संख्या मोठ्या झाल्या की कोणत्या रीतीला किती जास्त पायऱ्या लागतील? युक्लिडची ही रीत सुमारे दोन हजार तीनशे वर्षांची आहे, आणि आजचे संगणकही मसाविसाठी तिचाच आधार घेतात.

मराठीच्या तासाला

भाषेत या पद्धतीला वाव कमी, असा समज आहे. मराठीपुरता तरी तो खरा नाही. वृत्तांचा पाठ हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण.

अक्षर लघु की गुरू, या दोनच शक्यता. तीन अक्षरांचा एक गण. म्हणून गण आठच, नववा असू शकत नाही. लघूला 0 आणि गुरूला 1 लिहिले की न, स, ज, य, भ, र, त, म हे गण ओळीने 000 पासून 111 पर्यंतच्या द्विमान, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलेल्या, संख्या होतात. दोन चिन्हांत माहिती कशी साठवतात हे समजवायला मराठी शिक्षकाला यंत्राची गरजच नाही, व्याकरणाच्या वहीत ते आधीच आहे. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र तर याहून सरस. त्यातल्या कोणत्याही गणाक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यावीत, त्याच गणाची खूण मिळते. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरू-गुरू, तो य गण. ‘मातारा’ तीन गुरूंचा म गण. असे करत ‘सलगा’पर्यंत आठही गण येतात. सुटे लिहिले असते तर 24 अक्षरे लागली असती, इथे ती 10 मध्ये बसली. अशा एकमेकांत गुंफलेल्या क्रमांचा अभ्यास गणितात विसाव्या शतकात डच गणिती डी ब्राउन यांच्या नावाने रूढ झाला.

गणांपेक्षाही अधिक शिकवते ते लघु-गुरू ठरवण्याचे काम. मुलांना नियम पायऱ्यांत लिहायला सांगावे. सहसा ते असे लिहितात: अक्षरात दीर्घ स्वर असेल तर गुरू, अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू, पुढचे अक्षर जोडाक्षर असेल तर गुरू, नाहीतर लघु. मग ती वही दुसऱ्या गटाला द्यावी आणि डोके न वापरता फक्त लिहिलेले पाळायला सांगावे. ‘पुष्प’ बरोबर येते. ‘तुझ्या’ला गाडी अडते. पुढे ‘झ्या’ आहे म्हणून नियमाने ‘तु’ गुरू ठरतो, पण म्हणताना तो लघुच असतो आणि ओळीची चाल मोडते. कोणीतरी दुरुस्ती सुचवते: जोडाक्षराच्या शेवटी य असेल तर मागचे अक्षर लघुच धरावे. त्याने ‘तुझ्या’ सुधारते, पण ‘विद्या’ आणि ‘सत्य’ बिघडतात. तिथे मागच्या अक्षरावर आघात येतो आणि ते गुरूच असते. पुस्तकातल्या जोडाक्षराच्या नियमातला ‘आघात येत असेल तर’ हा तुकडा मुलांनी सहज गाळलेला असतो. तो किती भार पेलत होता ते आता कळते. कानाला ऐकू येणारा आघात लेखी नियमात बसवायचा कसा, हा खराखुरा भाषाशास्त्रीय प्रश्न आहे आणि नववीतली मुले त्यावर हिरिरीने भांडू शकतात. नियम लिहिणे, तो आंधळेपणाने चालवून पाहणे, मोडलेली जागा शोधणे, दुरुस्तीने नवे काही मोडले नाही ना हे जुन्या उदाहरणांवर तपासणे हेच प्रोग्रॅमरचे रोजचे काम. इथे ते करताना मुले मराठीचेच उच्चारशास्त्र शिकतात.

मात्रावृत्तांकडे वळले की आणखी एक दार उघडते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? पाच. पाच मात्रा आठ प्रकारांनी, सहा मात्रा तेरा. शेवटचे अक्षर लघु तरी असते किंवा गुरू तरी, त्यामुळे प्रत्येक उत्तर आधीच्या दोन उत्तरांची बेरीज होते. मोठा प्रश्न त्याच प्रकारच्या लहान प्रश्नांवर सोडवण्याची ही रीत विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदशास्त्रात सांगितली. या उत्तरांची मालिका पुढे जगात फिबोनाची संख्या म्हणून ओळखली गेली.

इतर विषय

विज्ञानात सजीवांच्या वर्गीकरणाची ‘हो-नाही’ प्रश्नांची किल्ली हा निर्णयवृक्षच असतो. कमीत कमी प्रश्नांत वनस्पती ओळखायची तर पहिला प्रश्न कोणता विचारावा, यावर चांगला तास होतो. वरच्या वर्गांत साथीचा प्रसार, भक्ष्य-भक्षक यांची संख्या अशा गोष्टींची प्रतिरूपे नेटलोगोसारख्या मोफत साधनात चालवता येतात. युरी विलेन्स्की यांनी ते 1999 मध्ये तयार केले. भूगोलात महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांचा नकाशा शेजारी जिल्हे सारख्या रंगाचे न येता कमीत कमी रंगांत रंगवायचा. मग नकाशा बाजूला ठेवून प्रत्येक जिल्ह्यासाठी एक ठिपका आणि सामाईक सीमेसाठी एक रेघ काढायची. रंगवण्यासाठी जिल्ह्याचा आकार लागतच नव्हता, सीमा कोणाशी लागते एवढेच लागत होते, हे तेव्हा दिसते. कोणत्याही सलग प्रदेशांच्या नकाशाला चार रंग पुरतात हे 1976 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले.

इतिहास आणि कला यांत मात्र ओढूनताणून आणलेली उदाहरणे फार दिसतात. शिवकालातल्या घटना बाणांच्या चौकटीत मांडल्या म्हणजे तो अल्गोरिदम, म्हणजे उत्तराकडे नेणारी नेमक्या पायऱ्यांची रीत, होत नाही. ज्या पाठात स्वतःचा नियम, क्रम किंवा संकेत नाही, तिथे ही पद्धत वापरू नये.

संगणकाविना

न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात संगणक न वापरता संगणकशास्त्र शिकवणाऱ्या कृती रचल्या. कार्डे, दोरी, खडू आणि वर्गातली मुले एवढ्यावर त्या चालतात. वीज आणि यंत्रे यांचा भरवसा नसलेल्या शाळांना ही वाट फार मोलाची आहे. भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला या उपक्रमाने 2016 पासून त्याच धर्तीवर पाठ तयार केले. लिथुएनियात 2004 मध्ये व्हॅलेंटिना डागिएने यांनी सुरू केलेल्या बेब्रास स्पर्धेचे भारतातील आयोजनही तोच उपक्रम करतो. तिच्या कोड्यांना प्रोग्रॅमिंगचे पूर्वज्ञान लागत नाही.

भारतातील स्थिती

भारतीय शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न 1984 चा क्लास प्रकल्प, त्यात बीबीसी मायक्रो यंत्रे वापरली गेली. तेव्हापासून संगणक शाळेत आला तो बहुधा वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या तासाला. विषयांशी सांधा जोडण्याचा ठळक प्रयत्न मुंबईच्या आयआयटीत श्रीधर अय्यर यांच्या गटाने प्राथमिक व माध्यमिक वर्गांसाठी केलेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या पुस्तकमालेत दिसतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणिती व संगणकीय विचारावर भर दिला आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगच्या कृती सुचवल्या. गोवा सरकारने याच इयत्तांसाठी कोडिंग व रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना आणली. यांतला बराचसा भर अजून कोडिंगवर आहे.

परिणामांविषयी

दावे मोठे आहेत, पुरावा सावध आहे. लोगो शिकलेल्या मुलांची इतर कामांतली नियोजनक्षमता आपोआप वाढत नाही, असे रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी 1984 मध्येच दाखवले होते. इंग्लंडमध्ये स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा आणि गणित यांची सांगड घालणारा कार्यक्रम शंभराहून अधिक शाळांत राबवून तपासला गेला. 2018 च्या अहवालात संगणकीय विचाराच्या चाचणीत मुलांची प्रगती दिसली, राष्ट्रीय गणित परीक्षेच्या गुणांत मात्र फरक पडला नाही. म्हणून गणिताचे गुण वाढतील असे सांगून ही पद्धत शाळांच्या गळी उतरवणे अप्रामाणिकपणाचे आहे. ‘तुझ्या’वरून रंगलेला वाद गुणपत्रिकेत दिसला नाही तरी त्या तासाचे मोल उणे होत नाही.

खरी अडचण शिक्षकाची आहे. स्वीडनमध्ये नवा अभ्यासक्रम आला तेव्हा अनेक गणितशिक्षकांनी कधी प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता. आपल्याकडे भाषाशिक्षकाला संगणकाच्या प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा त्याच्या हाती बहुधा यंत्र आणि आज्ञावलीच येते, त्याच्या विषयातला एखादा पाठ उघडून बसवले जात नाही. वर दिलेली वृत्ताची कृती करायला शिक्षकाला व्याकरण पक्के यावे लागते, दोन-तीन दिवस हाताशी लागतात आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईतून एक जोडतास काढावा लागतो. प्रशिक्षणाचा खर्च या गोष्टींवर व्हायला हवा.