परदेशी देणगीदार शोधताय? आधी एफसीआरए, मग नावांची यादी

सोलापुरातल्या विडी घरकुलात मुलींची अभ्यासिका चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडं आल्या. वहीत अमेरिकेतल्या अब्जाधीशांची वीसेक नावं, लेकीनं मोबाईलवरून उतरवून दिलेली. "यांचे ईमेल तेवढे काढून द्या." म्हटलं, वही मिटा, एफसीआरए कुठवर आलंय ते सांगा. ताईंकडं बारा-ए होतं, ऐंशी-जी होतं. ती दोन्ही आयकर खात्याची, करसवलतीसाठीची. परदेशी देणगीसाठी विदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१०, म्हणजेच एफसीआरए, याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची मंजुरी लागते.

रीतसर नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर मिळून किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. सोलापुरातल्या छोट्या संस्था इथंच गळतात. त्यांच्यासाठी दुसरी वाट म्हणजे पूर्वपरवानगी : ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम. देणगीदारानं रक्कम आणि हेतू लिहून दिलेलं पत्र अर्जाला जोडावं लागतं. म्हणजे ताईंना वीस नावं नकोच होती, पत्र देणारा एक जण पुरे होता. नोंदणीचा अर्ज एफसी-३ए, पूर्वपरवानगीचा एफसी-३बी, दोन्ही ऑनलाइन.

कागद असे : नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, प्रत्येक पदाधिकाऱ्याचं आधार आणि प्रतिज्ञापत्र. नोंदणीसाठी वर ३ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि कार्य अहवाल. घोडं अडतं ते चेंज रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवण्यावर. जुने विश्वस्त वारले, त्यांच्या जागी मुलगा बसला, पण धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर नाव अजून वडिलांचंच! बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचं असतं, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. उतारा आणि अर्ज यांतली नावं जुळल्याशिवाय अर्ज भरायला बसू नका.

अर्जाआधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत एफसीआरए खातं उघडावं लागतं. त्यासाठी दिल्लीची गाडी धरायची गरज नाही, इथल्या शाखेतून कागद पुढं जातात.

आता परदेशातले नातेवाईक, समजा न्यू जर्सीतला भाचा. त्याच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही तो परदेशी स्रोतच. तेव्हा नात्याआधी पासपोर्ट विचारा.

एवढी कागदांची तयारी झाली की देणगीदाराचा शोध. अब्जाधीशांच्या मागं लागण्यात मला फारसा राम वाटत नाही. अमेरिकेबाहेरच्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर तिथल्या व्यक्तीला सहसा करसवलत मिळत नाही, म्हणून पैसा बहुधा कुठल्यातरी फाउंडेशनमधून येतो. आणि तिथल्या खासगी फाउंडेशनचं दरवर्षीचं ९९०-पीएफ हे विवरणपत्र सगळ्यांना खुलं असतं. प्रोपब्लिका या तिथल्या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर ते फुकट दिसतं. कँडिड या संस्थेची फाउंडेशन शोधायची सेवा जास्त सोयीची, पण पूर्ण माहितीला पैसे पडतात.

विवरणपत्र उघडलं की मालमत्तेचा आकडा बघून हरखू नका. थेट अनुदानांच्या यादीवर जा : कुणाला, किती, कशासाठी. भारतातलं किंवा मुलींच्या शिक्षणाचं एकही नाव नसेल तर पुढचं फाउंडेशन बघा. त्याच भागात एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण असेल तर ते आधीच निवडलेल्या संस्थांनाच देतात, आपणहून आलेले अर्ज घेत नाहीत. ताईंच्या पहिल्या पाच नावांपैकी चार या चौकोनातच गेली.

इंग्लंडसाठी चॅरिटी कमिशनची धर्मादाय संस्थांची नोंदवही आणि कुणी कुणाला अनुदान दिलं ते दाखवणारं ३६०गिव्हिंगचं ग्रँटनॅव्ह, दोन्ही मोफत. एखादा माणूस कुठल्या कंपनीत संचालक आहे हे कंपनीज हाउस या तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कळतं. अमेरिकेत शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या संचालकांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे शेअर एडगर या तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर दिसतात. तिथल्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर राजकीय देणग्या देणाऱ्यांची नावंही सापडतात, पण ती नावं घेऊन देणगी मागायला तिथल्या कायद्यानं मनाई आहे. त्या वाटेला जाऊच नका.

आणि "आमच्याकडं एफसीआरए आहे, पैसा आमच्या खात्यात घेऊ, तुम्हाला वळता करू" असं कुणी म्हणालं तर हात जोडा. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीला देणं बंद आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही तेव्हापासून २० टक्के. पैसा आल्यावर एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत भरायचं, आणि एखाद्या वर्षी काहीच आलं नाही तरी नोंदणी असलेल्या संस्थेनं ते शून्य लिहून भरायचंच.