कॅमेरा सुरू होण्यापूर्वीचे तास

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९ एप्रिल १९८९ च्या रात्री धावायला गेलेल्या एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार झाला. पोलिसांनी १४ ते १६ वर्षांची पाच मुले पकडली; चार कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. त्यांपैकी चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर आहेत. ज्युरीने ते पाहिले आणि १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले. मिळालेल्या वीर्याचा डीएनए त्यांच्यापैकी एकाशीही जुळत नव्हता, पण डोळ्यांसमोरच्या कबुलीपुढे प्रयोगशाळेचा अहवाल फिका पडला.

एव्हा डुव्हर्ने यांच्या ‘व्हेन दे सी अस’ (२०१९) या चार भागांच्या मालिकेने दाखवला तो चित्रफितीत नसलेला वेळ. कॅमेरा सुरू होण्याआधी मुलांची १४ ते ३० तास चौकशी झाली होती आणि तिचे चित्रीकरणच झाले नव्हते. पाचांपैकी कोरी वाइज तर पोलिसांच्या यादीतही नव्हता. मित्राला सोबत म्हणून तो ठाण्यात गेला आणि बारा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला.

न केलेला गुन्हा कोणी कबूल कसा करेल? मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरे टंकायला सांगितली आणि ‘ऑल्ट’ कळीला हात लावू नका, अशी ताकीद दिली. थोड्या वेळाने संगणक ठरल्याप्रमाणे बंद पडला आणि आळ विद्यार्थ्यावर आला. कोणीही ती कळ दाबली नव्हती, तरी ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली. वेगाने टंकणाऱ्यांना ‘मी पाहिले’ म्हणणारा खोटा साक्षीदार भेटला, तेव्हा तर प्रत्येकाने. अमेरिकी पोलिसांना चौकशीत खोटा पुरावा सांगण्याची मुभा असल्याने हा निष्कर्ष अस्वस्थ करतो. (आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून ग्राह्य न धरण्याचे कलम भारतीय पुरावा कायद्यात १८७२ मध्येच होते.)

वर्णाचा भाग वेगळा काढता येत नाही. फिलिप गॉफ व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात कृष्णवर्णीय मुलगे प्रत्यक्ष वयापेक्षा मोठे आणि कमी निष्पाप वाटतात, असे आढळले. चौदा वर्षांचा मुलगा पोर म्हणून दिसलाच नाही, तर त्याचे गोंधळलेले, परस्परांशी न जुळणारे बोलणेही निर्ढावलेपण वाटू लागते.

२००२ मध्ये आधीच शिक्षा भोगत असलेल्या एका गुन्हेगाराने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि पाचही शिक्षा रद्द झाल्या. २०१४ मध्ये शहराने सुमारे ४.१ कोटी डॉलर भरपाई दिली. न्यूयॉर्क राज्यात २०१८ पासून गंभीर गुन्ह्यांतील कोठडीतल्या चौकशीचे पूर्ण चित्रीकरण करावे लागते. मात्र डॅनियल लॅसिटर यांच्या प्रयोगांनुसार कॅमेरा फक्त संशयितावर रोखलेला असला, तर तीच कबुली प्रेक्षकांना अधिक स्वेच्छेची वाटते. म्हणून न्यूझीलंडच्या पोलिसांनी चौकशी करणाराही चौकटीत दिसेल अशी कॅमेऱ्याची जागा ठरवली.