आनुवंशिकता आणि वंशभेद यांची गल्लत

एखाद्या समाजात अमुक आजार किंवा मृत्यू अधिक आढळतात असे वाचले की "ते त्यांच्या रक्तातच असेल" असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे सुशिक्षित लोक नागपुरात पदोपदी भेटतात. याचे एक कारण उघड आहे: सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार, इथे घरोघरी ठाऊक आहे. म्हणून आनुवंशिकतेविषयी थोडक्यातच सांगतो. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागचे एक अमिनो आम्ल बदलते. एक जनुक नेहमीचे (ए) आणि एक सिकलसेलचे (एस), म्हणजे एएस असेल तो वाहक, दोन्ही सिकलसेलची, म्हणजे एसएस असेल तो रुग्ण, आणि आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मात्र हा 'त्या समाजाचा आजार' आहे ही भाषा मला मुळीच पटत नाही. सिकलसेलचे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकले, कारण वाहकाला घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळते. त्यामुळे ते विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत आढळते, तसेच सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आणि ग्रीसमध्येही आढळते.

खरी गल्लत पुढे होते. अमेरिकेत २०२१ मध्ये दर १ लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला, तर गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण २६.६ होते. हा आकडा दोन गटांतील फरक दाखवतो, फरकाचे कारण मात्र सांगत नाही. आणि कारण जनुकांत असेल तर ते परिस्थिती बदलल्याने जाता कामा नये, ही साधी कसोटी लावण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

ही कसोटी इलिनॉय राज्यातील १९८० ते १९९५ या काळातील जन्मनोंदींना लावून पाहण्यात आली, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष मला या विषयातील सर्वांत बोलके वाटतात. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, तेथेच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम, आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम भरले. अमेरिकी कृष्णवर्णीयांत पिढ्यान् पिढ्यांच्या मिश्रणाने काही युरोपीय वंशांशही आहे. तेव्हा दोष आफ्रिकी जनुकांचा असता तर सर्वांत हलकी बाळे आफ्रिकेतून आलेल्या मातांची असायला हवी होती, पण ती गोऱ्या मातांच्या बाळांच्या जवळपास गेली. स्थलांतर करणारे लोक मुळातच सुदृढ असतात हा आक्षेप रास्त आहे. मात्र पुढच्या एका अभ्यासात अशा स्थलांतरित कृष्णवर्णीय मातांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलींची बाळे आपल्या आयांच्या जन्मवजनापेक्षा हलकी आढळली. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलते ते राहण्याचे ठिकाण, मिळणारी वागणूक आणि सतत सावध राहण्याचा ताण.

"मग ती गरिबीच असेल" असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच पुरे आहे की, अमेरिकेत पदवीधर कृष्णवर्णीय मातांचे मृत्युप्रमाण शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या मातांपेक्षा अधिक आढळले आहे.

जनुक आणि मिळणारी वागणूक ही दोन्ही कारणे एकाच रुग्णात एकत्र येतात, तेव्हा ती वेगळी ओळखणे अधिकच गरजेचे ठरते, आणि येथे पुन्हा सिकलसेलकडे वळावे लागते. क्रायसिसमधील, म्हणजे या आजारात अचानक येणाऱ्या तीव्र झटक्यातील, वेदना जनुकामुळे होते. पण वेदनेने तळमळणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाला नशेसाठी औषध मागणारा समजून ताटकळत ठेवले जाते, तो उशीर कोणत्याही जनुकात लिहिलेला नसतो. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांच्या एका पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, निम्म्या गोऱ्या सहभागींनी कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारखे एखादे तरी खोटे विधान खरे मानले होते, आणि असे मानणाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या वेदनेवर सुचवलेले उपचारही कमी अचूक होते. आपल्याकडे "नाटक करतो" असे रुग्णाला ऐकवले जाते तेव्हा संदर्भ जातीचा किंवा आदिवासी असण्याचा असू शकतो. जात आणि वंश एक नव्हेत, पण रुग्णाच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

ही गल्लत केवळ गप्पांपुरती राहिली असती तर मी इतका त्रासलो नसतो. ती वैद्यकाच्या गणितातही शिरली. मूत्रपिंडाची कार्यक्षमता रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणावरून काढण्याच्या २००९ च्या प्रचलित सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तराला १.१५९ ने गुणले जाई, म्हणजे त्याचे मूत्रपिंड कागदावर प्रत्यक्षाहून अधिक चांगले दिसू शके आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये वंश वगळलेले सूत्र आले, आणि जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना अशा रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ मोजून त्यांच्या खात्यात जमा करण्यास सांगण्यात आले.